घरासमोर लावायचं कुठे: कुंपणाबाहेर झाड की कुंपणाआत झुडपं?

भिंत आणि डांबर यांच्यामधल्या पट्ट्यात सावलीचं झाड की भिंतीच्या आत झुडपांची रांग, हे ठरवण्याआधी मान वर करून तारा बघा. रोपवाटिका त्यानंतर.

पोलच्या शेंड्यावर मोठ्या इन्सुलेटरवरून तीन तारा गेल्या असतील, तर त्या बहुधा ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या. रस्त्याच्या कडेने जाणारी अशी तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच असावी लागते आणि झाडापासून तिचं अंतर किमान २.६ मीटर हवं. म्हणजे झाडाला उरतात ३.२ मीटर, जेमतेम साडेदहा फूट. मे महिन्यात तापलेली तार आणखी खाली झोळते आणि पावसाळ्यात फांदी हातभर वाढते, म्हणून आठ फुटांवर थांबणारंच झुडूप निवडावं: तगर, कामिनी, जास्वंद. कण्हेर चिवट आहे, पण विषारी. लहान मुलं असलेल्या घरी नको. तारांखाली गुलमोहर तर लावूच नका. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी थेट तारेवर येते.

भरपाईचं गणितही इथेच ठरतं. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तारेला अडथळा ठरलेलं झाड दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढता येतं. झाड तारेच्या आधीचं असेल तरच भरपाईची तरतूद आहे, नंतर लावलेल्याला नाही.

बाहेरचा पट्टा तुमच्या मालकीचा नाही. शहरातल्या रस्त्यावर पालिकेची, राज्यमार्गालगत सार्वजनिक बांधकाम विभागाची लेखी परवानगी घ्या. पुढे झाड तोडायचं ठरलं तर महाराष्ट्राच्या शहरी भागातल्या झाडांच्या जतनासाठीच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आतल्या झाडालाही. ‘आपल्या आवारातलं आहे’ हे कारण चालत नाही.

खड्डा खणताना सगळ्यात जास्त चूक होते. माळी सवयीने तीन फूट खोल जातो, म्हणजे ०.९ मीटर. घरगुती विजेची भूमिगत केबल मात्र साधारण ०.७५ मीटरवरच असते. बाहेरच्या पट्ट्यात जेसीबी नको. हाताने खणा, विटांचा थर किंवा इशाऱ्याची रंगीत पट्टी लागली की लगेच थांबा, खाली केबल आहे. नळाची लाइन आणि ड्रेनेज कुठून जातं, तेही आधी विचारून घ्या.

सांगलीत कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढतं, माती आणखी आकसते, पाइपाचे सांधे सुटतात आणि ओल शोधत मुळं तिथेच शिरतात. साताऱ्यात उताराच्या प्लॉटवर मुरूम-कातळ लवकर लागतो. तिथे मुळं खोल जात नाहीत आणि उंच झाड कलतं. कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड दोन्हीकडे टाळा. गुजरातने त्यावर २०२३ मध्ये बंदीच घातली.

कोपऱ्याच्या प्लॉटला झुडपंही बेतानेच. वळणावर दोन्ही बाजूंना सुमारे दहा मीटर रांग अडीच फुटांखाली ठेवा, नाहीतर येणारी दुचाकी दिसत नाही.

आमचा कल स्पष्ट आहे: वर तार असेल तर आत झुडपं. वर मोकळं, पट्टा आठ फूट रुंद आणि परवानगी हातात असेल, तरच बाहेर बहावा किंवा कडुनिंब. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका. एप्रिलमध्येच महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि पुरवठा बंद केल्यावरच छाटणी करून घ्या.