पाळण्यातले पाय आणि बर्फावरचे स्केट्स : एका ड्राफ्ट मार्गदर्शिकेचे परीक्षण

ज्युनियर आइस हॉकीतील सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूंचे मूल्यमापन करणारी एक वार्षिक ड्राफ्ट मार्गदर्शिका मी गेले तीन हंगाम वर्गणी भरून वाचत आहे. ती केवळ डिजिटल स्वरूपात मिळते, हंगामात तीन वेळा अद्ययावत होते आणि ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या, काही आठवडे आधी तिची अंतिम आवृत्ती येते. प्रत्येक खेळाडूला एक पान दिलेले असते. वर क्रमांक, उंची, वजन, जन्मतारीख आणि हंगामातील आकडे असतात, मध्यभागी स्काउटचे, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्याचे, सविस्तर टिपण असते आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘व्यावसायिक यशाची शक्यता’ टक्क्यांत छापलेली असते. माझे मत आधीच सांगतो. या मार्गदर्शिकेतील टिपणांमुळे वर्गणीचे पैसे वसूल होतात. तळाची टक्केवारी मात्र वाचकाची दिशाभूल करते, आणि बहुतेकांची नजर आधी तिच्यावरच जाते.

हे काम किती अवघड आहे याची जाणीव ठेवल्याशिवाय अशा प्रकाशनाला न्याय देता येणार नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे दरवर्षी सुमारे 224 नावे पुकारली जातात, आणि त्यांतील बहुतेक मुले नुकतीच अठरा वर्षांची झालेली असतात किंवा व्हायची असतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण सहज म्हणतो, पण या खेळाने ती म्हण पुन्हा पुन्हा खोटी पाडली आहे. 1993 मध्ये ओटावाने पहिल्या क्रमांकावर निवडलेला अलेक्सांद्र डेग 616 सामन्यांत 327 गुणांपर्यंतच (गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) पोहोचला, तर त्याच्या मागोमाग निवडला गेलेला ख्रिस प्रॉन्गर आपल्या पिढीतील सर्वोत्तम डिफेन्समनपैकी, म्हणजे बचावपटूंपैकी, एक ठरला. पावेल दात्स्युककडे तर आधीच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांनी पाठ फिरवली होती. अखेर 1998 मध्ये डेट्रॉईटने त्याला सहाव्या फेरीत, 171व्या क्रमांकावर घेतले, कारण हाकन अँडरसन या त्यांच्या स्काउटने रशियात जाऊन त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्याच वर्षी त्याच संघाने 210व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्गला घेतले. त्यामुळे एखाद्या मार्गदर्शिकेचे अंदाज चुकले म्हणून मी तिला दोष देणार नाही. ती कशाकडे पाहते आणि जे पाहिले ते किती प्रामाणिकपणे सांगते, एवढेच मी तपासतो.

पाहण्याच्या बाबतीत या स्काउटांची नजर खरोखर तयार आहे. यंदाच्या आवृत्तीत एका डिफेन्समनच्या पानावर एक वाक्य आहे : ‘पकपाशी पोहोचण्याआधी हा दोनदा मागे वळून पाहतो.’ (पक म्हणजे स्टिकने खेळायची रबरी चकती.) या एका वाक्यासाठी मी त्या मुलाच्या एका सामन्याचे चित्रण उघडले आणि त्याच्या सगळ्या शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरण्याच्या पाळ्या, एकामागून एक पाहिल्या. प्रतिस्पर्ध्यांनी पक कोपऱ्यात टाकला की तो मागे धावतो. धावता धावता आधी डाव्या खांद्यावरून पाहतो, तीन-चार पावलांनंतर उजव्या खांद्यावरून, आणि मगच नजर पकवर नेतो. अंगावर येणारा फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक खेळाडू, कोणत्या बाजूने येणार हे त्याला तोवर समजलेले असते, त्यामुळे तो पक थांबवण्यात वेळ घालवत नाही. स्टिकच्या पहिल्याच स्पर्शात तो मैदानाभोवतीच्या फळीच्या कडेने आपल्या सेंटरकडे, म्हणजे मधल्या आक्रमकाकडे, पाठवून देतो. पाहणाऱ्याला यात विशेष काहीच घडल्यासारखे वाटत नाही, आणि गुणतक्त्यातही त्याची नोंद होत नाही. पण वरच्या पातळीवर धडक देणारे खेळाडू एक-दोन सेकंद आधी येऊन पोहोचतात, आणि तिथे टिकणारा व न टिकणारा डिफेन्समन यांच्यातला फरक पुष्कळदा या मागे वळून पाहण्यातच असतो. अशी सवय टिपणे आणि ती नेमक्या शब्दांत वाचकापुढे ठेवणे हेच स्काउटचे काम, आणि या मार्गदर्शिकेत निदान वीस-पंचवीस पानांवर ते उत्तम झाले आहे.

आकड्यांच्या मांडणीतही कष्ट दिसतात. ज्युनियर लीगमध्ये एखाद्याने शंभर गुण केले एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण ते कसे झाले हा खरा प्रश्न असतो. हॉकीत एका गोलमागे दोन खेळाडूंपर्यंत असिस्ट, म्हणजे साहाय्याचा गुण, दिला जातो, आणि दुसरा असिस्ट अनेकदा केवळ पक पुढे सरकवल्याचा असतो. ही मार्गदर्शिका दोन्ही असिस्ट वेगळे दाखवते. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा संघ एका खेळाडूने कमी असताना, मिळवलेले गुण आणि पाच विरुद्ध पाच खेळताना मिळवलेले गुण स्वतंत्र रकान्यांत आहेत. सोबत कोण खेळत होते तेही नमूद केलेले असते, आणि ते फार महत्त्वाचे आहे, कारण एका असामान्य सेंटरच्या बाजूला उभे राहून हंगामभर गोल करणारा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, पुढच्या वर्षी तो सेंटर गेल्यावर एकदम ओळखू येईनासा होतो. शॉट्सपैकी गोल किती झाले याचे प्रमाण पाहून जिथे ते अवाच्या सवा वाढलेले आहे तिथे टिपणात तसा इशाराही दिला जातो. असे प्रमाण पुढच्या हंगामात बहुधा खाली येते, म्हणून निव्वळ गोलसंख्येवर भाळणाऱ्या वाचकाला हा इशारा फार उपयोगी पडावा.

वेगवेगळ्या लीगमधील गुणांची तुलना करण्यासाठी जे गुणक वापरले जातात, त्यांबाबत मात्र मला अधिक सावध भाषेची अपेक्षा होती. ही पद्धत गॅब्रिएल देजार्दां यांच्या कामामुळे रूढ झाली. एका लीगमधून दुसरीत गेलेल्या खेळाडूंचे गुण दोन्हीकडे किती होते ते पाहून पहिल्या लीगमधील एका गुणाची दुसऱ्या लीगमध्ये काय किंमत होते, ते काढायचे, अशी ती पद्धत. कल्पना चांगली आहे. पण जे वर गेले त्यांच्याच आकड्यांवर हा गुणक उभा असतो, आणि जे कधीच वर पोहोचले नाहीत ते हिशेबात येतच नाहीत. शिवाय युरोपातील प्रौढांच्या लीगमध्ये दहा-बारा मिनिटे बर्फावर उतरणारा अठरा वर्षांचा मुलगा आणि समवयस्कांच्या लीगमध्ये बावीस मिनिटे खेळणारा मुलगा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण दोन्ही शिते एकाच पातेल्यातली असली तर.

वयाच्या प्रश्नावर ही मार्गदर्शिका मला सर्वांत अपुरी वाटते. ड्राफ्टसाठी पात्र होण्याची सीमारेषा 15 सप्टेंबर आहे. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997चा. केवळ दोन दिवसांच्या फरकाने तो 2015च्या ड्राफ्टमध्ये बसला नाही, मधला हंगाम झुरिकच्या संघाकडून प्रौढांबरोबर खेळला आणि 2016 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच सालात जानेवारीत जन्मलेला कॉनर मॅकडेव्हिड वर्षभर आधीच एनएचएलमध्ये दाखल झाला होता. म्हणजे एकाच ड्राफ्टमधील दोन मुलांच्या वयात जवळजवळ एका वर्षाचा फरक असू शकतो, आणि सतराव्या वर्षी बारा महिने म्हणजे खांद्यांची रुंदी, पायांतले बळ आणि संयम या सगळ्यांतला फरक. दुसरीकडे, बालवयातील गट जानेवारीपासून मोजले जात असल्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले प्रत्येक गटात थोराड ठरतात, चांगल्या संघांत निवडली जातात आणि त्यांना चांगले प्रशिक्षण मिळते. 1980 ते 2007 या काळातील ड्राफ्टचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंची निवड त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने उशिरा होत आली आहे. हे सारे माहीत असूनही या मार्गदर्शिकेत जन्मतारीख केवळ एका कोपऱ्यात छापली जाते. क्रमांक ठरवताना तिचा विचार झाला की नाही, याचा टिपणांतून काही पत्ता लागत नाही. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या एका सडपातळ सेंटरला ‘शारीरिकदृष्ट्या अपरिपक्व’ म्हणून चाळीस जागा खाली ढकललेले मी यंदा पाहिले, आणि त्याच पानावर त्याची जन्मतारीख स्वच्छ छापलेली होती. याचे मला मनापासून वाईट वाटले.

स्केटिंगबद्दलची टिपणे कधी नेमकी असतात, तर कधी ‘स्केटिंग कमकुवत’ एवढ्या दोन शब्दांत आटोपलेली असतात. पहिल्या तीन पावलांचा जोर, वळताना कडेवर टिकणे, मागे धावण्याची गती आणि पक स्टिकवर असताना पाय चालू ठेवणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील काही शिकवता येतात. ब्रेडन पॉइंट 2014 मध्ये तिसऱ्या फेरीत 79व्या क्रमांकापर्यंत खाली आला, कारण तो लहानखुरा होता आणि त्याच्या गतीबद्दल शंका होती. टँपा बेच्या स्केटिंग प्रशिक्षक बार्ब अंडरहिल, ज्या स्वतः 1984च्या फिगर स्केटिंगमधील जोडीच्या जगज्जेत्या, यांच्याबरोबर त्याने आपली धाव सुधारली, आणि 2020 व 2021 या दोन्ही अजिंक्यपदांच्या वेळी त्याने प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, प्रत्येकी 14 गोल केले. लूक रोबिताय 1984 मध्ये 171व्या क्रमांकावर निवडला गेला तो मुख्यतः मंद पायांमुळे, आणि निवृत्त झाला तो 668 गोल करून. (दात्स्युकचाही क्रमांक 171च होता, हा योगायोग मी विसरू शकत नाही.) ताकदीचेही तसेच. सॅम बेनेटला 2014च्या शारीरिक चाचणीत एकही पुल-अप काढता आला नव्हता. 2025 मध्ये प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. म्हणून उणीव सांगताना ती भरून निघण्याजोगी आहे का, हे सांगणे मी स्काउटचे कर्तव्य मानतो. पक येण्याआधीच पुढची जागा ओळखणारी नजर उशिराने क्वचितच येते. पायांतला जोर पुष्कळदा येतो.

आता त्या टक्केवारीविषयी. एखाद्या मुलाच्या नावाखाली ‘64 टक्के’ असे छापले, तर 63 का नाही आणि ‘यश’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. दोनशे सामने खेळणे, पहिल्या दोन ओळींत, म्हणजे आक्रमकांच्या मुख्य तुकड्यांत, जागा मिळवणे, की युरोपातील एखाद्या चांगल्या लीगमध्ये दहा वर्षे सन्मानाने उदरनिर्वाह करणे? मार्गदर्शिकेत याची व्याख्या कुठेही नाही. पंधराव्या वर्षीच ओएचएल या कॅनडातील ज्युनियर लीगमध्ये खेळण्याची विशेष परवानगी फार थोड्यांना मिळते. ती 2005 मध्ये जॉन टावरेसला, 2011 मध्ये एरन एकब्लॅडला, 2012 मध्ये मॅकडेव्हिडला मिळाली आणि हे तिघेही पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आले. 2013 मध्ये ती शॉन डे याला मिळाली, आणि तो 2016 मध्ये तिसऱ्या फेरीत 81व्या क्रमांकावर निवडला गेला. पंधराव्या वर्षी त्याच्या नावाखाली टक्के छापले असते, तर ते किती छापले असते?

यापेक्षा अधिक खटकलेली गोष्ट म्हणजे जुन्या अंदाजांची वासलात. माझ्या पहिल्या हंगामात ज्या विंगरला वरच्या दहांत बसवले होते, त्याचे मूळ पान पुढच्या वर्षी संग्रहात सापडेना. त्या जागी नवे, सौम्य केलेले टिपण होते. मी रीतसर पत्र लिहून विचारणा केली, तेव्हा ‘पाने वेळोवेळी सुधारली जातात’ एवढेच उत्तर आले. चुकलेला अंदाज ही लाजेची बाब नाही, पण तो पुसून टाकला की वाचकाला या स्काउटांची नजर कुठे चांगली आणि कुठे कच्ची हे शिकण्याचा मार्गच उरत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक आवृत्ती उतरवून स्वतःजवळ ठेवतो.

ड्राफ्टनंतरच्या वाटचालीबद्दल मार्गदर्शिकेत अगदी थोडे आहे. कॅनडातील ज्युनियर लीगमधून निवडलेला वीस वर्षांखालील खेळाडू एनएचएल संघात राहिला नाही तर त्याला ज्युनियर संघाकडे परत पाठवावे लागते, असा नियम दीर्घकाळ चालत आला आहे, आणि 2025-26च्या हंगामापासून अशा ज्युनियर खेळाडूंना अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचे दारही उघडले आहे. कोणत्या मुलाला कोणती वाट मानवेल, यावर एखादे प्रकरण हवे होते.

गोलरक्षकांचा विभाग मी अलीकडे वाचतच नाही. त्यांना इतर खेळाडूंबरोबर एकाच क्रमवारीत गुंफणे मला पटत नाही, कारण गोलरक्षक इतरांपेक्षा फार उशिरा पिकतो. 2000 मध्ये पहिल्या क्रमांकावर रिक डिपिएट्रो निवडला गेला आणि त्याच ड्राफ्टमध्ये 205व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट. डॉमिनिक हाशेक 1983 मध्ये 199वा होता, कॉनर हेलेबक 2012 मध्ये 130वा. सतराव्या वर्षीच्या गोलरक्षकाबद्दल मला एवढेच जाणून घ्यायचे असते, की गोल बसल्यानंतरच्या पुढच्या शॉटला तो जागेवर स्थिर उभा असतो की क्रीज, म्हणजे गोलसमोरची आखलेली जागा, सोडून पुढे झेपावतो, आणि पक बाजूला सरकला की त्याचे खांदे आधी वळतात की गुडघे. यंदाच्या अठरा गोलरक्षकांपैकी दोघांच्याच पानांवर अशी नोंद सापडली. पुढच्या हंगामाची वर्गणी मी भरली आहे, ती डिफेन्समनच्या पानांसाठी.