आंब्याचा सीझन आणि टीमसाठी घेतलेलं बोर्डवालं ॲप: वापरानंतरचा अनुभव

फीचर्स सगळ्यांना माहीत असतात, म्हणून सरळ बिलावर येतो. पावसजवळ आमच्या बागा आहेत, तोडणी, पॅकिंग, टेम्पो, पुण्या-मुंबईचं वाटप सगळं आम्ही चुलत भावंडंच बघतो, आणि यंदा व्हॉट्सॲपवरचा गोंधळ नको म्हणून पैसे भरून एक ॲप घेतलं, ज्यात प्रत्येक कामाचं कार्ड बनवून ते बोर्डावर लावतात. नाव टाकत नाही, तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे.

टेम्पोवाल्या दादांना फक्त डिलिव्हरीचे दोन बोर्ड दिसावेत म्हणून गेस्ट म्हणून ॲड केलं, तर पुढच्या बिलात त्यांची अख्खी सीट, म्हणजे एका माणसाचे पूर्ण पैसे, लागली. का, तर गेस्ट एकापेक्षा जास्त बोर्डांवर असला की तो मेंबर धरतात म्हणे. अहो, तो माणूस दिवसातून एकदा 'माल पोचला' वर टिक करतो, तेही आंबा घाट चढून रेंज आली तर, आणि त्याचे पैसे माझ्याएवढेच? सपोर्टला तीनदा लिहिलं, दर वेळी तीच हेल्प पेजची लिंक. शेवटी दादांना काढून टाकलं, आता ते फोन करतात आणि टिक मी करतो.

फुकटातलं का नाही घेतलं विचाराल, तर ट्रेलो या अशाच बोर्डवाल्या ॲपचा फुकट प्लॅन १० जणांपुरता, सीझनला आमची मंडळी त्याच्या वर जातात. स्लॅक हे टीमच्या चॅटचं ॲप, त्याच्या फुकटात ९० दिवसांमागचं दिसत नाही, म्हणजे मार्चच्या पहिल्या तोडणीचं सगळं जूनअखेर हिशेबाला बसेपर्यंत गायब.

इथपर्यंत एप्रिलमध्ये लिहून ठेवलेलं, तेव्हा एकच स्टार देणार होतो. मग मे महिन्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन, पेट्यांत साका निघाला, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा खराब. आता साका काय बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतं. पण चुलत बहिणीने प्रत्येक लॉटच्या कार्डावर तोडणीची तारीख, बागेचा भाग आणि आढीचा (पेंढ्यात पिकत घातलेल्या मालाचा) फोटो टाकायची सक्ती केलेली, पेटीवरचा नंबर सर्च केला तर मिनिटात सापडलं: कातळावरच्या कलमांचा माल, गडी मिळेनात म्हणून झाडावर जास्तच तयार झालेला. चौदा आणे तयारीला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी, उतरवला की साका कमी निघतो, मग त्या भागाची पुढची तोडणी आधी लावली. काकांच्या वहीत पेट्यांचा आकडा पैन् पै बरोबर असतो, पण माल कुठल्या कलमांचा ते नसतं. काका हे मान्य करणार नाहीत.

म्हणून तीन स्टार. चौथा त्या सीटने खाल्ला.

वार्षिक प्लॅनला सूट दाखवतात, त्याला भुलू नका, आपलं काम मार्च ते मे आणि मीटर बारा महिने चालू. मंथलीच घ्या, पाऊस लागला की सीटा कमी करा. त्याआधी एक्सपोर्ट मारून ठेवा, पण आमच्या त्या फाईलीत फोटो आलेच नाहीत, ते एकेक कार्ड उघडून वेगळे उतरवावे लागतायत, बहीण अजून तेच करत बसलीय.