लायसन्स होतं पण गाडी येत नव्हती, फोंड्यातल्या क्लासचा माझा अनुभव

मी गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याला राहते आणि कामाला कुंडईला जाते. लायसन्स काढून चार वर्षं झाली होती पण घरची स्विफ्ट एकदाही एकटीने तिस्कापर्यंत नेली नव्हती, कारण एकच, गाडी बंद पडायची. आमच्या वाड्यावरची वाट मोठ्या रस्त्याला चढावरच मिळते, तिथे थांबून परत निघायचं म्हटलं की क्लच सोडला रे सोडला की दोन झटके आणि बंद, मग मागून हॉर्न, मग घाईत परत स्टार्टर, परत बंद, आणि मग मी उतरून ह्यांना बसायला सांगायचे. असं चारपाच वेळा झालं आणि मी गाडीला हात लावायचंच सोडून दिलं, बस बरी. ह्या पाडव्यानंतर ऑफिसातल्या मैत्रिणीने वरच्या बाजाराजवळच्या एका ड्रायव्हिंग क्लासबद्दल सांगितलं, तिथे लायसन्स असलेल्यांना वेगळं शिकवतात म्हणाली, म्हणून गेले. दहा दिवसांचे साडेचार हजार घेतले. पैसे पूर्ण वसूल झाले असं मी मनापासून म्हणते, आणि का ते नीट सांगायचं आहे कारण माझ्यासारख्या खूप बायका आहेत, पुरुषसुद्धा आहेत, फक्त बोलत नाहीत.

आधी जिथे शिकले त्या क्लासचं नाव घेणार नाही, पण तिथे काय झालं ते मला आत्ता कळलं. क्लासच्या गाडीला दोन्हीकडे पेडल असतात, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक, तो तसा नियमच आहे आणि सेफ्टीसाठी पाहिजेच. पण त्या क्लासात मी क्लच चुकीचा सोडला की शिकवणारा स्वतःचा क्लच हळूच दाबून गाडी सांभाळून घ्यायचा, त्यामुळे त्या सगळ्या दिवसांत माझ्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही आणि मला वाटलं की मला जमतंय! सरकारी नियमात कारसाठी कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास असं आहे, दिवस माझे भरले होते, पण एका गाडीत तिघं शिकणारे बसवायचे, माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं यायची. टेस्ट सपाट जागेवर झाली, पास झाले. मग घरच्या गाडीत बसले तर बाजूला दुसरा क्लच दाबणारं कोणी नाही.

ह्या नवीन क्लासचे सर पंचावन्न साठचे असतील, अर्धं मराठी अर्धं कोंकणी बोलतात. पहिल्या दिवशी फर्मागुडीच्या बाजूला एका मोकळ्या सपाट जागेवर गाडी नेली आणि म्हणाले, "बाय, आज रेस नाका, फकत क्लच. आणि आज गाडी वीस वेळा बंद पडली पाहिजे." मला वाटलं चेष्टा करतायत, पण नाही, खरंच मुद्दाम बंद पाडायला लावली. क्लच एकदम सोड, बंद. थोडा हळू सोड, झटका देऊन बंद. अजून हळू, आणि मग एका जागी येऊन इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगला बारीक थरथर येते आणि समोरचं बोनेट अगदी किंचित उठल्यासारखं वाटतं. "पाय हालयनाका," म्हणाले, आणि मी तिथेच पाय धरला आणि गाडी रेसशिवाय आपोआप मुंगीच्या चालीने पुढे सरकली. चार वर्षांत मला कोणी हे दाखवलं नव्हतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं खरं सांगते.

मग त्यांनी कारण समजावलं. पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना साधारण ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, फिरत असतं, चाकं उभी असतात. क्लच म्हणजे ह्या फिरणाऱ्या इंजिनाला उभ्या चाकांशी हळूहळू जोडणारी प्लेट, मधे ती घासत घासत दोघांचा वेग जुळवते, त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. पाय एकदम सोडला तर सगळ्या गाडीचं वजन एका क्षणात इंजिनावर येतं, ते चालू राहण्याइतकंही फिरू शकत नाही आणि बंद पडतं. म्हणजे गाडी खराब नसते, तिला वेळच मिळालेला नसतो. एसी चालू असला की छोट्या इंजिनावर तो भारही असतो, क्लासची अल्टो ७९६ सीसीची, तिच्यात हा फरक पायाला लगेच कळायचा. डिझेल गाडी कमी आरपीएमलाही जास्त ओढते म्हणून जीप चालवणारे लोक म्हणतात आमची कधी बंद पडत नाही. घरी येऊन मी स्विफ्टमध्ये तो आरपीएमचा काटा बघत क्लच सोडला, पकडायला लागला की काटा जरासा खाली पडतो, अगदी सुतभर, तो पडला की पाय थांबवायचा. दोन संध्याकाळी अंगणात फक्त एवढंच केलं.

सर मधे मधे शोधायला लावायचे की आत्ता का बंद पडली. कारणं वेगवेगळी असतात हे मला माहीतच नव्हतं. एकदा पहिल्या गिअरच्या जागी तिसरा पडला होता, एकदा हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिला होता, आणि बऱ्याच वेळा थांबताना मी नुसता ब्रेक दाबायचे, क्लच दाबायचाच विसरायचे. गतिरोधकावर तर माझं हमखास व्हायचं, वेग पार कमी आणि गिअर तिसराच, मग गाडी गचके खात बंद. आता स्पीडब्रेकर दिसला की आधीच दुसऱ्यावर येते.

चौथ्या दिवसापासून चढ. फोंड्याहून पणजीला जाताना फर्मागुडीपर्यंत चढच आहे, तिथे बाजूला थांबवून परत निघायचं, गाडी मागे येऊ द्यायची नाही. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडत आणायचा, गाडीचं तोंड उठलं आणि पुढे जाऊ पाहतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक सोडायचा. पहिल्यांदा मी हँडब्रेक आधी सोडला आणि गाडी मागे आली, सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि लगेच म्हणाले की हा ब्रेक मी दाबला, तुम्ही नाही, परत करा. हे मला फार आवडलं. त्यांनी मदत केली की ते तोंडाने सांगतात, त्यामुळे आपलं किती आणि त्यांचं किती हे कळतं.

आणि बंद पडली तर काय करायचं हे त्यांनी पाढ्यासारखं घोकून घेतलं. आधी ब्रेक घट्ट, मग क्लच पूर्ण आत, न्यूट्रल, स्टार्ट, पहिला. चढावर ब्रेक पहिला का, तर इंजिन बंद असताना एकदोनदा ब्रेक दाबला की पुढच्या वेळी तो लाकडासारखा कडक होतो कारण त्याला इंजिनाची मदत मिळत नाही, तेव्हा पहिल्या दाबालाच धरून ठेवायचा, पंप करत बसायचं नाही. स्टिअरिंगही जड होतं. हॉर्न वाजवणाऱ्याकडे बघायचंच नाही. "भियेनाका, ताकाय कळटलें," म्हणजे घाबरू नका, त्यालाही कळेल, असं म्हणायचे, आणि मागे काळ्या नंबरप्लेटची भाड्याची थार हॉर्नवर हात ठेवून उभी असली तरी सर शांत असायचे, आवाज कधी चढला नाही. शिकवणारा ओरडला की पाय आपोआप उचलला जातो, हे माझ्या आधीच्या अनुभवावरून सांगते.

जे आवडलं नाही तेही लिहिते. तास म्हणतात पण चाळीस पंचेचाळीस मिनिटंच होतात, बाजाराच्या दिवशी तर त्यातला निम्मा वेळ फोंड्याच्या ट्रॅफिकमध्ये जातो. रिव्हर्स आणि पार्किंगला फक्त एक दिवस दिला, मला अजून दोन पाहिजे होते, पणजीत १८ जून रस्त्यावर गाडी लावायची हिंमत अजून नाही. अल्टोचा एसी नावापुरता, एप्रिलमध्ये दुपारचा स्लॉट घेऊ नका, सकाळी सातचा मागा. फोनवर एकदा ठरलेली वेळ न सांगता बदलली होती, मी सरांना सरळ बोलले, त्यांनी तो दिवस शेवटी भरून दिला. आणि एक महत्त्वाचं, शेवटचे तीन दिवस आपल्या स्वतःच्या गाडीवर घेता येतात पण ते तुम्ही विचारलं तरच सांगतात. नक्की विचारा. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, अल्टोचा खाली पकडायचा आणि आमच्या स्विफ्टचा बराच वर, पहिल्या दिवशी स्विफ्टमध्ये मी परत तीनदा बंद पाडली. पण ह्यावेळी कारण माहीत होतं.

मे महिन्यात मावशीकडे दिवाडी बेटावर गेलो, मीच चालवत. भोम, बाणस्तारी, जुनं गोवं, तिथून फेरीबोट. बोटीवर चढणं सोपं गेलं. उतरताना मात्र पुढे लोखंडी फळी, ती संपली की ओला उतरता धक्का, म्हणजे आपल्याला चढ, आणि दोन्ही बाजूंनी स्कूटर सुसाट निघालेल्या. फळीवरच गाडी बंद पडली. हे बाजूला बसले होते, दाराचा हँडल पकडला पण बोलले काही नाहीत. मी ब्रेक धरला, क्लच आत, न्यूट्रल, स्टार्ट, हँडब्रेक ओढला, पहिला, बोटीवरचा माणूस हाताने ये ये करत होता, त्याला एक बोट दाखवलं की थांब जरा, आणि काटा सुतभर पडेपर्यंत थांबले. मग हँडब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे गेली नाही. मावशीच्या दारात गाडी लावून मी पहिला फोन सरांना केला.

कोणाला जायचं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी जा, चढाचे दिवस कोरड्या रस्त्यावर झालेले बरे. जाड सोलचे सँडल घालू नका, पातळ तळव्याचे बूट घाला, मी तिसऱ्या दिवशी बदलले आणि क्लच पायाला लगेच कळायला लागला. लायसन्स बरोबर ठेवा, आणि पहिल्याच दिवशी सरांना स्पष्ट सांगा की माझी गाडी बंद पडते.