अलाइनमेंट स्टिक, जमिनीवरचा क्लब, पटिंगचा आरसा की लाँच मॉनिटर? दिशेच्या सरावासाठी साधन निवडताना

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, नियमित जाऊ लागलेल्या खेळाडूला काही महिन्यांतच जाणवते की चेंडू नीट लागूनही हवा तिथे जात नाही, आणि मग दिशेचा सराव कशाच्या आधाराने करावा असा प्रश्न पडतो. फायबरग्लासच्या अलाइनमेंट स्टिकची (नेमाची रेषा दाखवणाऱ्या बारीक काठ्यांची) जोडी हा त्यातला सर्वांत सोपा आणि स्वस्त पर्याय आहे. पिशवीतला एखादा क्लब (चेंडू मारायचा दांडा) जमिनीवर आडवा ठेवूनही काम भागते, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. पटिंगचा (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्याच्या सरावाचा) आरसा, मोबाइलवरचे चित्रीकरण आणि लाँच मॉनिटर (फटक्याची दिशा व अंतर मोजणारे यंत्र) हे याच प्रश्नाला दिलेले अधिक खर्चिक किंवा अधिक मर्यादित उपाय आहेत. माझे मत आधीच सांगतो: बहुतेक हौशी खेळाडूंनी पहिला खर्च साध्या, न दुमडणाऱ्या दोन काठ्यांवरच करावा. मात्र त्या काठ्या कोणती चूक दाखवतात आणि कोणती दाखवू शकत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय तो खर्चही वाया जाऊ शकतो.

दिशेतली लहानशी चूक किती महाग पडते, हे साध्या भूमितीने कळते. 150 मीटरच्या फटक्यात नेम एका अंशाने चुकला तर चेंडू सुमारे 2.6 मीटर बाजूला पडतो, आणि पाच अंशांनी चुकला तर हेच अंतर 13 मीटरवर जाते, म्हणजे ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) मध्यावर नेम धरूनही चेंडू बहुधा ग्रीनबाहेर राहतो. पटिंगमध्ये होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. तीन मीटरवरून एका अंशाची चूक झाली की चेंडूचा मध्य जवळजवळ होलच्या कडेवर येतो. याहून गंभीर गोष्ट अशी की नेम चुकलेला खेळाडू नकळत स्विंगमध्ये दुरुस्ती करू लागतो. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू लक्ष्याच्या उजवीकडे तोंड करून उभा राहिला, तर चेंडू लक्ष्याकडे वळवण्यासाठी त्याचे खांदे आणि हात क्लबला बाहेरून आत ओढतात, आणि मग तो महिनोन्महिने स्विंगमधला दोष शोधत राहतो, जेव्हा मूळ दोष पावलांच्या आणि खांद्यांच्या रेषेत असतो. काठीचे खरे मोल इथे आहे. ती स्विंग सुधारत नाही. स्विंग तपासण्याआधी उभे राहण्याची रेषा खरी आहे की नाही, एवढे ती निःसंशय दाखवते.

मूळ मांडणी सर्वपरिचित आहे. एक काठी चेंडूच्या किंचित पलीकडे लक्ष्याच्या दिशेने ठेवायची आणि दुसरी पायांच्या बोटांशी तिला समांतर, रेल्वेच्या रुळांसारखी. उजव्या हाताने खेळणाऱ्याची पावलांची रेषा थेट लक्ष्याकडे नको, चेंडूपासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेला समांतर आणि तिच्या डावीकडे हवी, असे प्रशिक्षक आवर्जून सांगतात. या सूचनेचा अर्थ नीट लावायला हवा. आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) फटक्यात बोटे चेंडूपासून साधारण अर्धा ते पाऊण मीटर दूर असतात, त्यामुळे पावलांची रेषा अगदी अचूकपणे 150 मीटरवरच्या लक्ष्याकडे गेली तरी फरक पाव अंशाच्या आसपासच पडतो. लांबच्या फटक्यात नुकसान होते ते या पाव अंशामुळे नव्हे, तर मान वळवून लक्ष्याकडे पाहताना खांदे आणि कंबरही फिरल्यामुळे, आणि ते फिरणे खेळाडूला स्वतःला जाणवत नाही. पटिंगमध्ये मात्र हिशेब उलटतो. पाय चेंडूपासून 30 सेंटिमीटरवर आणि होल तीन मीटरवर असेल, तर पावले थेट होलकडे रोखल्याने रेषा पावणेसहा अंशांच्या आसपास चुकते. म्हणून पूर्ण फटक्याच्या सरावात पायांशी ठेवलेल्या काठीइतकेच खांद्यांकडे लक्ष द्यावे, आणि पटिंगच्या सरावात समांतर रेषेबाबत तडजोड करू नये.

आता क्लब आणि काठी यांची तुलना. जमिनीवर क्लब ठेवण्याचा सर्वांत मोठा गुण हा की तो नेहमी हाताशी असतो आणि त्याला काहीच खर्च नाही. सामन्याच्या सकाळी रेंजवर दहा मिनिटे मिळाली तर दोन आयर्न आडवे टाकून काम सुरू करता येते. पण सात नंबरचे आयर्न सुमारे 37 इंच लांब असते, तर अलाइनमेंट स्टिक बहुधा 48 इंचांची, म्हणजे 122 सेंटिमीटरची असते. लांब रेषा डोळ्याला अधिक स्पष्ट दिशा देते, आणि ती ठेवताना झालेली चूकही चटकन दिसते. शिवाय क्लबची ग्रिप (मूठ) जाड, शाफ्ट (दांडा) निमुळता आणि डोके बाजूला निघालेले असल्यामुळे तो गवतावर किंचित तिरपा पडतो व धक्का लागला की फिरतो. सरावात चुकून क्लबने क्लबवरच घाव बसला तर ग्राफाइटच्या शाफ्टचे नुकसान काठीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होते. ज्यांनी सरावाची सवय अजून लावलेलीच नाही, त्यांनी काही आठवडे क्लबवर भागवून पाहण्यात काहीच गैर नाही. पण सवय लागल्यावर काठी घेणेच शहाणपणाचे.

हार्डवेअरच्या दुकानातल्या पर्यायांबद्दलही पुष्कळदा विचारले जाते. बर्फाळ प्रदेशांत घरासमोरच्या रस्त्याच्या कडा दाखवण्यासाठी रोवल्या जाणाऱ्या फायबरग्लासच्या काठ्या उत्तर अमेरिकेतल्या गोल्फपटूंनी स्वस्त पर्याय म्हणून सर्रास वापरल्या आहेत. आपल्याकडे तशा काठ्या सहज दिसत नाहीत, म्हणून काही जण वायरिंगसाठीचा पीव्हीसी पाइप कापून घेतात. जमिनीवर रेषा दाखवण्यापुरता तो चालतो. मात्र गोल्फचा चेंडू 42.67 मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि त्याच्या शेजारी 20 किंवा 25 मिलिमीटर जाडीचा पाइप असला की क्लबचे डोके त्याला लागण्याची भीती मनात बसून स्विंग आखडतो. सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या काठीचे तसे होत नाही. उन्हात पडून राहिलेला पाइप वाकतो, आणि वाकलेली रेषा रेषा नसण्यापेक्षा वाईट. बांबूची कामटी तर जमिनीत रोवून क्लबच्या मार्गाजवळ कधीही ठेवू नये, कारण घाव बसल्यावर ती कशी फुटेल याचा नेम नसतो.

दुमडणाऱ्या स्टिकचा विचार विमानाने प्रवास करणाऱ्यांनी करावा, कारण आतल्या लवचीक दोरीने जोडलेले तुकडे पिशवीच्या कप्प्यात मावतात. सांध्यांशी येणारा किंचित ढिलेपणा आणि जमिनीत उभी रोवण्यातली अडचण यांमुळे मी त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

सराव कुठे होतो, यावर निवड बरीच अवलंबून आहे, आणि विकत घेणारे नेमके इथेच चुकतात. मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) सराव करणाऱ्याला काठी जमिनीत रोवता येत नाही, म्हणून रोवलेल्या काठीचे सगळे प्रकार त्याच्यासाठी बाद होतात किंवा वेगळा स्टँड लागतो. उलट जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठीची गरज मॅटवर अधिक भासते, कारण मॅटच्या सरळ कडा डोळ्याला आपल्याच दिशेने ओढून नेतात. मॅट रेंजच्या रांगेनुसार अंथरलेली असते, तुमच्या लक्ष्यानुसार नव्हे. कोपऱ्यातला झेंडा निवडून मॅटच्या कडेशी तिरपी अशी काठी ठेवली आणि त्या रेषेवर उभे राहून पाहिले, की आपण आजवर झेंड्याऐवजी मॅटकडे पाहून नेम धरत होतो हे बहुतेकांच्या लक्षात येते. महाराष्ट्रात गवतावर सराव करणाऱ्यांना ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात जमीन मऊ असते आणि काठी सहज रोवली जाते. एप्रिल-मेमध्ये मुरमाड जमीन इतकी टणक होते की जोर लावल्यास काठीचे टोक चिरते. अशा वेळी वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत काठी उभी करणे हा चांगला मार्ग आहे.

रोवलेल्या काठीचे उपयोग दोन प्रकारचे आहेत आणि त्यांतली जोखीम सारखी नाही. चेंडूपासून तीन-चार मीटर पुढे लक्ष्यरेषेवर काठी उभी करून चेंडू तिच्या कोणत्या बाजूने निघतो हे पाहणे, हा माझ्या मते या साधनाचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा सराव आहे. चेंडू निघताना कोणत्या दिशेने जातो, हे तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रमाणात आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे वळलेला होता यावर ठरते. स्विंगच्या मार्गाचा वाटा त्यामानाने लहान असतो. म्हणजे पाय, खांदे आणि चेंडूची जागा बिनचूक असूनही चेंडू सतत उभ्या काठीच्या उजवीकडूनच निघत असेल, तर दोष बहुधा क्लबफेसमध्ये आहे आणि जमिनीवरच्या काठ्या कितीही काटेकोरपणे मांडल्या तरी तो जाणार नाही. ही माहिती एरवी महागड्या यंत्राकडून घ्यावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे स्विंगचा मार्ग सुधारण्यासाठी खेळाडूच्या मागे किंवा पुढे शाफ्टच्या कोनात तिरपी रोवलेली काठी. तो परिणामकारक आहे, पण चुकीच्या स्विंगमध्ये क्लब काठीवर जोरात आदळतो, म्हणून काठीवर फोमची नळी चढवल्याशिवाय आणि प्रशिक्षकाने जागा दाखवल्याशिवाय तो करू नये. ज्यांना भीती वाटते त्यांनी त्याच जागी क्लबचे रिकामे कव्हर जमिनीवर ठेवावे. शिकवण जवळपास तीच मिळते.

पटिंगपुरते पाहिले तर काठीचे श्रेष्ठत्व कमी होते. डोळे चेंडूच्या नेमके वर आहेत की आत, खांदे रेषेशी समांतर आहेत की उघडे, हे आरसा एका नजरेत दाखवतो आणि काठी दाखवू शकत नाही. पटरचा (पटिंगच्या क्लबचा) मार्ग तपासण्यासाठी दोन टींचे (चेंडू ठेवण्याच्या लहान खुंट्यांचे) दार पुरेसे असते: पटरच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद अंतरावर दोन टी रोवायच्या आणि त्यांना न लागता पटर त्यांतून न्यायचा. टायगर वुड्स या सरावासाठी प्रसिद्ध आहे, आणि या सरावाला पैसेही लागत नाहीत. दोन खुंट्यांमध्ये चेंडूच्या वरून ताणलेला दोरा सरळ पटची रेषा काठीपेक्षा चांगली दाखवतो. म्हणून ज्याचे फटके मुख्यतः ग्रीनवर वाया जातात त्याने आरसा किंवा दोरा आधी घ्यावा आणि काठ्या नंतर.

मोबाइलचे चित्रीकरण आणि लाँच मॉनिटर यांना काठीचे प्रतिस्पर्धी मानणे मला योग्य वाटत नाही. कॅमेरा लक्ष्यरेषेपासून थोडा जरी सरकला तरी तोच स्विंग वेगळ्या मार्गाचा दिसतो, आणि आजच्या चित्रणाची गेल्या महिन्याच्या चित्रणाशी तुलना निरर्थक होते. काठी जमिनीवर असली की कॅमेरा दर वेळी त्याच जागी ठेवता येतो. लाँच मॉनिटरलाही लक्ष्याच्या दिशेने नीट रोखावे लागते, नाहीतर त्याचे दिशेचे सगळे आकडे चुकतात. क्लबफेसचा कोन, मार्ग आणि अंतर यांबाबत तो जे सांगतो ते कोणतीही काठी सांगणार नाही, परंतु तुमची पावले कुठे होती हे तो सहसा सांगत नाही. ज्याच्याकडे मॉनिटर घेण्याइतके पैसे आहेत, त्यालाही काठ्या लागतातच.

नियमांची बाजूही निवडीआधी माहीत असावी. फेरीपूर्वी रेंजवर काठ्या वापरता येतात आणि त्या पिशवीत ठेवल्याने 14 क्लबच्या मर्यादेवर परिणाम होत नाही. फेरी सुरू असताना मात्र गोल्फच्या नियम 4.3 नुसार काठी धरून सरावाचा स्विंग घेता येत नाही, आणि नियम 10.2 नुसार उभे राहण्यास मदत व्हावी म्हणून काठी किंवा क्लब जमिनीवर ठेवला तर फटका मारण्याआधी उचलला तरी दंड लागतो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) तो दोन फटक्यांचा असतो. 2019 पासून, खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर कॅडीलाही (पिशवी वाहणाऱ्या सहायकालाही) त्याच्या मागे लक्ष्यरेषेवर हेतुतः उभे राहता येत नाही. म्हणजे मैदानावर नेम धरण्याचे काम पूर्णपणे खेळाडूच्या डोळ्यांवर येते.

त्यामुळे सगळा सराव काठ्यांवर उभे राहून करणे घातक ठरते. चार-पाच चेंडू काठ्यांसह मारावेत, मग त्या उचलून तेवढेच चेंडू त्यांच्याविना मारावेत, आणि दुसऱ्या खेपेत पवित्रा घेतल्यावर क्लब बोटांशी ठेवून, मागे जाऊन रेषा तपासावी. काठी ठेवतानाही चेंडूच्या बाजूला उभे राहून अंदाजाने ठेवू नये. चेंडूच्या मागे जाऊन लक्ष्याकडे पाहावे, चेंडूपासून पाऊलभर पुढे रेषेवरची गवताची काडी किंवा जुना डाग निवडावा आणि काठी त्या खुणेच्या हिशेबाने मांडावी. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉस फेरीतही अशीच जवळची खूण निवडत असे. ही सवय काठीबरोबर लागली तर ती मैदानावर सोबत येते, कारण तिला कोणतेही साधन लागत नाही.

घेताना 48 इंचांची, गवतात उठून दिसेल अशा नारिंगी, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला रबरी टोपी असलेली जोडी घ्यावी, हिरवी टाळावी. दर काही महिन्यांनी काठीवरून कापड फिरवून पाहावे. कुठे तंतू अडकू लागले तर त्या जागी विजेची चिकटपट्टी गुंडाळावी, आणि काठी चिरली असेल तर ती टाकून द्यावी, कारण फायबरग्लासची बारीक कुसळे तळहातात गेली की निघता निघत नाहीत.