ड्युअल बँड राउटर, आठ महिन्यांनंतर: डबा चांगला, अडॅप्टर दळभद्री

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेला, चार अँटेनांचा, मागे एक वॅन (बाहेरचं नेट आत घेणारा) आणि चार लॅन (घरातल्या यंत्रांसाठीचे) पोर्ट असलेला हा नेहमीचा राउटर. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० अधिक ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळून ११६७, ते गोल करून बाराशे एमबीपीएस म्हणतात आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मा स्पीड मिळाला तरी खूप, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे तिकडे वेळ घालवत नाही. बोलायचंय ते खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या काळ्या ठोकळ्याबद्दल, म्हणजे अडॅप्टरबद्दल. १२ व्होल्ट, १ अँपियर. पाचपैकी दोन स्टार त्या ठोकळ्यामुळे कापलेत.

पाचव्या महिन्यापासून दुखणं सुरू झालं. संध्याकाळी आठ ते दहा, म्हणजे घरात टीव्ही, दोन-तीन मोबाईल आणि लॅपटॉप एकदम चालू असतात तेव्हा, वायफाय गायब. दीड मिनिटात आपोआप परत. सकाळी एकदम शहाणा. अशा वेळी जो तो नेटवाल्याला फोन लावतो. नेटवाला म्हणतो, लाईन ओके आहे, राउटर बदला. राउटर कंपनी म्हणते, रिसेट करा. रिसेट केला की सगळी सेटिंग पुन्हा भरायची, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा तेच.

दोष कुणाचा हे दोन मिनिटांत कळतं, त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. राउटरच्या खालच्या स्टिकरवर दिलेला पत्ता, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाकून स्टेटस पान उघडा. तिथे दोन वेगळे अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे ते आकडे, असतात: एक यंत्राचा, एक वॅन जोडणीचा. नेट गेल्यानंतर वॅनचा अपटाइम शून्यावर आला पण यंत्राचा काही दिवसांचा तसाच असेल, तर लाईन किंवा नेटवाला. यंत्राचाच अपटाइम ‘२ मिनिटं’ दाखवत असेल, तर राउटर स्वतः बंद पडून चालू झालाय आणि नेटवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. सिस्टीम लॉगमध्येही खूण सापडते: मधल्या काही ओळींची तारीख एकदम १ जानेवारी १९७० किंवा कारखान्यात बसवलेली दुसरी कुठली तरी जुनी तारीख दिसते. राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे करंट तुटला की तो काळ विसरतो आणि नेट जोडलं गेल्यावर वेळ पुन्हा मागून घेतो.

इथे यंत्राचा अपटाइम रोज संध्याकाळी शून्यावर येत होता. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन टाकून झालं, फरक नाही. मग अडॅप्टर मोजला.

मोजण्याचीही एक पद्धत आहे, कारण नुसता अडॅप्टर बोर्डात लावून पिनेला मल्टिमीटर टेकवला तर मेलेला अडॅप्टरसुद्धा बारा व्होल्ट दाखवतो. लोड असताना मोजलं तरच खरं कळतं. सीसीटीव्हीच्या कामात वापरतात त्या हिरव्या स्क्रूच्या डीसी पिना घ्या, एक नर आणि एक मादी. प्लसला प्लस, मायनसला मायनस अशा दोन छोट्या वायरींनी जोडा आणि अडॅप्टर व राउटर यांच्या मध्ये घाला. आता मीटरच्या काड्या त्या स्क्रूंवर टेकवता येतात, राउटर चालू असताना. नुसता अडॅप्टर १२.२ व्होल्ट. राउटर चालू झाल्यावर ११.६. दोन मोबाईलवर ५ गिगाहर्ट्झवर एकदम डाउनलोड लावलं तर १०.८, आणखी खाली, आणि दिवे विझून पुन्हा पेटले. त्याच पिनेत दुसरा चांगला अडॅप्टर लावला, तेच डाउनलोड: ११.९. हललाच नाही.

राउटरच्या आत १२ व्होल्ट थेट कुणी वापरत नाही. आतली सर्किटं ते ३.३ आणि त्याहून खाली उतरवून घेतात. म्हणून स्थिर ११ व्होल्टवरही तो मजेत चालतो. त्याला मारतो तो व्होल्टेजमधला क्षणभराचा खड्डा, जो साध्या मीटरवर नीट दिसतसुद्धा नाही. अडॅप्टरमधले आउटपुटचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारे भाग) वाळले की असे खड्डे पडायला लागतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. एक अँपियरचा अडॅप्टर, त्यावर पाऊण अँपियरचा लोड, टीव्हीमागच्या एक्स्टेंशन बोर्डात सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरला चिकटून, आणि एप्रिल-मे. किती टिकणार? अर्धा अँपियर जास्त दिला असता तर कंपनीचे पंचवीस-तीस रुपये गेले असते. त्या पंचवीस रुपयांसाठी चांगल्या डब्याचं नाव खराब.

अडॅप्टर फोडून कपॅसिटर बदलायचा नाद करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो.

वॉरंटीचं नाटक वेगळंच. राउटरला तीन वर्षं, पण त्याच कागदावर बारीक अक्षरात अडॅप्टर वगळलेला. सेंटर कोल्हापुरात नाही. कंपनी सांगते, पुण्याला कुरिअर करा, आणि अडॅप्टर आत न घालता फक्त राउटर पाठवा. म्हणजे तिकडे ते त्यांच्या चांगल्या अडॅप्टरवर तपासणार आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत पाठवणार. जाण्या-येण्याच्या कुरिअरच्या पैशांत नवा अडॅप्टर येतो.

तो घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर जास्त चालतात. १२ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट २ अँपियर लावला तर काही जळत नाही. राउटर त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. काही छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ चा लावू नका. पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटर. हुबेहूब दिसणारी ५.५ बाय २.५ ची पिनही मिळते, ती ढिली बसते आणि टेबलाला धक्का लागला की राउटर रिस्टार्ट. लेबलवरच्या गोलाच्या चित्रात मधल्या टिंबाकडे प्लस आहे ना, ते बघा. बीआयएसची खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर दुकानदार कितीही ‘लय भारी माल हाय’ म्हणू दे, ठेवून या.

आता एक दुरुस्ती. मध्यंतरी याच राउटरबद्दल ‘५ गिगाहर्ट्झ बोगस आहे, २.४ वरच चालवा’ असं मत झालं होतं. ते निम्मं चूक निघालं. ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ जोरात चालला की करंट जास्त लागतो आणि दुबळा अडॅप्टर तिथेच मान टाकतो. अडॅप्टर बदलल्यावर त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ दिवसभर टिकला.

उरलेलं निम्मं मात्र खरं, आणि तो दोष घरांचा. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत सोप्याला राउटर ठेवला तर माजघराच्या दगड-मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जात नाही. परड्यातल्या खोलीत तर नाव सोडा. तिथे राउटर बदलून किंवा मोठ्या अँटेना आणून काही होत नाही. मधून लॅन केबल ओढा आणि पलीकडे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देणारा डबा म्हणून, लावा. जुन्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदलून नव्याच्याच रांगेतला पण वेगळा ठेवायचा, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारा) बंद करायचा, आणि केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टात लावायची. एवढंच. रिपीटरवर पैसे घालवू नका. एकच रेडिओ ऐकायला आणि बोलायला वापरणारा स्वस्त रिपीटर स्पीड निम्मा करतो. आणि राउटर लोखंडी तिजोरीवर ठेवायची सवय सोडा. उंची मिळते खरी, पण पत्रा सिग्नल परतवतो.

राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये प्रश्न उलटा: भिंती पातळ, शेजारी फार. २.४ वर पंधरा-वीस नावं दिसतात. तिथे चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की अर्धा पट्टा एकटाच खातो आणि शेजाऱ्यांबरोबर स्वतःचंही वाटोळं होतं. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१, रुंदी ८०. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ सोबत एईएस निवडा. टीकेआयपी ही जुनी पद्धत राहिली तर स्पीड ५४ वर अडकतो आणि कारण शोधत बसाल. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय, बंद.

पहिल्यांदा जोडताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. युजरनेम-पासवर्ड बरोबर, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट डायल करायची पद्धत) निवडलंय, तरी ‘कनेक्टिंग’ हलत नाही. नेटवाल्याच्या सर्व्हरला जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, लक्षात असतो. फोन करून ‘मॅक रिलीज करा’ एवढंच सांगा, किंवा सेटिंगमधल्या मॅक क्लोनमध्ये जुना पत्ता भरा. एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ हवा, कारण १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःला घेतो. तो १५०० राहिला तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

नेटवाल्याचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःच डायल करत असेल तर राउटरने पुन्हा डायल करू नये. ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देतो आणि डायल राउटर करतो, किंवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला. दोघंही १९२.१६८.१.१ वर बसले तर एकमेकांत अडकतात आणि काहीच उघडत नाही. राउटरच्या वॅनला १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की नेटवाला एक पत्ता अनेक घरांत वाटतोय. मग कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट उघडणं) करत बसू नका, ते चालणार नाही. स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी घ्या किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड वापरा.

क्यूओएस (कुठल्या यंत्राला किती स्पीड हे ठरवणारं) हे फीचर खोक्यावर मिरवलंय. चालू केलं की हार्डवेअरचा शॉर्टकट बंद पडून सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि स्पीड खाली. बंद ठेवा. गेस्ट नेटवर्क मात्र चांगलं चालतं.

हे लिहिताना अजून एक मत बदललं, आणि यावेळी राउटरच्या विरुद्ध. डबा चांगला म्हटलं खरं, पण पोर्ट पाचही १०० एमबीपीएसचे आहेत. खोक्यावर १२००, आणि नेट आत येण्याचं दार शंभराचं! दीडशे किंवा दोनशेचा प्लॅन घेतला तरी स्पीड टेस्ट ९३-९४ च्या पुढे सरकत नाही. शंभरपर्यंतच्या प्लॅनला काही फरक पडत नाही, पण पुढे प्लॅन वाढवणार असाल तर गिगाबिट पोर्ट लिहिलेलाच घ्या, अँटेना मोजत बसू नका. एक समाधान आहे: शंभराचा पोर्ट लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी १, २, ३ आणि ६ या चारच वापरतो. उंदराने उरलेल्या चार कुरतडल्या तरी याला पत्ता लागत नाही.

लाईट जाण्याचा उपाय म्हणून मिनी युपीएस बहुतेकांकडे आहे. त्याचाही हिशोब करून घ्या. २००० एमएएचचे तीन सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट: २२ वॅट-तास. राउटर ७ वॅट, ओएनटी ५ वॅट. थोडं वाया जाणं धरून दीड तास. खोक्यावरचे ‘४ तास’ एकट्या छोट्या राउटरचे असतात. शिवाय स्वस्त युपीएसमध्ये आउटपुट स्थिर करणारं सर्किट नसतं. भरलेला असताना १२.६ व्होल्ट आणि सेल उतरले की नऊ-दहा. म्हणजे पुन्हा तेच रिस्टार्टचं दुखणं, आता बॅटरीवर. अर्धा तास चालवून त्याच हिरव्या पिनांवर मोजा. लाईट गेल्यावर ओएनटीवर पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर असूनही नेट नसेल तर अडचण पुढे नेटवाल्याकडे आहे. एलओएस (सिग्नल नसल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही: फायबर तुटलीय, कुणीतरी ती खिळ्याला गुंडाळलीय, किंवा पलीकडचं यंत्रच बंद आहे.

वळिवाचा कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर काढणं पुरत नाही. गच्चीवरच्या स्विचवरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर वॅन पोर्टातली तीही काढा. विजेचा झटका त्या वाटेने येऊन पोर्ट जाळतो. फायबरच्या काचेतून तो येत नाही. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे तळमजल्याला राहणाऱ्यांनी ओएनटी आणि बोर्ड माळ्याच्या उंचीवरच बसवून घ्यावेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत तेवढं एक काम उरकलेलं बरं.

स्टार तीनच ठेवतोय. जुना अडॅप्टर ई-कचऱ्यात टाकण्याआधी त्याची पिन मीटरभर वायरीसकट कापून ठेवा. मिनी युपीएसपासून ओएनटीपर्यंत पोचायला नेमकी तेवढीच कमी पडते.