रक्ताआधी टोनर पिणारं पुस्तक: दक्षिण अमेरिकी ब्लडलाइन्स, काही महिने खेळल्यानंतर

दक्षिण अमेरिकी लोककथांमधल्या रक्तपिपासूंवरचं एक रोलप्लेइंग खेळाचं पुस्तक आम्ही काही महिने खेळतोय. गेल्या आठवड्यात त्याची ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून नवी पीडीएफ आली. उघडली आणि लगेच बंद केली. पानं अजून काळीच. काळ्यावर करडी बारीक अक्षरं, मागे लाल शिंतोडे आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला अख्खं पानभर नुसता अंधार. दिवाळीनंतर सवडीने लिहिणार होते, पण आता राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

पुस्तकाचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना एका पायावर उभ्या असलेल्या बाईचं कव्हर म्हटलं की कळेल. ‘व्हॅम्पायर: द रिक्वीम’ या फासे टाकून, व्हॅम्पायरची भूमिका घेऊन टेबलावर खेळायच्या खेळासाठी एका छोट्या प्रकाशकाने काढलेलं, फक्त पीडीएफ, किंमत डॉलरमध्ये. पाच क्लॅन म्हणजे व्हॅम्पायरांची मूळ घराणी, प्रत्येकातून फुटलेली एकेक ब्लडलाइन म्हणजे उपशाखा, वर एक जास्तीची. प्रत्येक ब्लडलाइनला जादा डिसिप्लिन म्हणजे अद्भुत शक्ती, आणि जादा शाप.

तर पानं. टेबलावर पाच जण बसलेले असताना एका टॅबलेटवर नियम शोधणं मला जमत नाही. मला कागद लागतो, कोपरा दुमडता येतो, पेन्सिलने खुणा करता येतात. म्हणून फाइल घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने पहिली चार पानं स्क्रीनवर पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, हे छापायचंय की मशीन बंद पाडायचंय?” साध्या पानाच्या तिप्पट दर सांगितला. तेवढ्यात माझं स्पायरल बाइंडिंगसकट दुसरं अख्खं पुस्तक झालं असतं. पांढऱ्या पानांची फाइल द्या म्हणून प्रकाशकाला मेल केला. उत्तर आलं की हा ‘वातावरणनिर्मितीचा’ भाग आहे आणि टॅबलेटवर फार छान दिसतो. पुन्हा लिहिलं, की बाकीचे प्रकाशक छपाईसाठी साधी फाइल सोबत देतात, बहुतेक वेळा फुकट. त्याला उत्तरच नाही. मग फुकटातल्या सॉफ्टवेअरने रंग उलटे केले. अक्षरं वाचता आली, पण चित्रातल्या सगळ्या व्हॅम्पायरांचे छातीचे एक्स-रे काढल्यासारखे दिसतात. माझी प्रत तशीच आहे. वाईट याचं वाटतं की आतला मजकूर इतका चांगला आहे की तो कागदावर असायलाच हवा होता.

सुरुवातीला आम्ही सगळेच पातासोलावर भाळलो होतो. कोलंबियाच्या जंगलातली ही बाई लाकूडतोडे, शिकारी, खाणकामगार अशा एकट्या पुरुषांना सुंदर रूप घेऊन आत आत नेते आणि मग एकच पाय उरलेलं खरं रूप दाखवते. नवऱ्याने बदफैलीच्या रागात पाय तोडला, अशी मागची गोष्ट. पुस्तकाने हिला डेव्हा या भुरळ घालणाऱ्यांच्या क्लॅनमध्ये बसवलंय आणि पहिल्या वाचनात ते अगदी चपखल वाटतं. खेळायला लागल्यावर मात्र ती तीनच सेशनमध्ये संपली. तिचं सगळं सामर्थ्य एका युक्तीत आहे, आणि शहराबाहेर गेल्याशिवाय ती युक्ती चालत नाही. आमचा खेळ बोगोताच्या गल्ल्यांमध्ये चाललेला. एका पायाच्या शापाचे नियम अडीच पानं आहेत, जंगल नसेल तर काय करायचं याची एक ओळ नाही. कव्हरवर तीच का, हे कळतं. चित्र चांगलं दिसतं.

पिउचेनबद्दल फार लिहीत नाही. मापुचे लोकांचा हा उडता साप नजरेने जागच्या जागी खिळवतो, शिट्टी घालतो, मेंढ्यांचं रक्त पितो आणि माची म्हणजे त्यांच्यातली वैदू स्त्रीच त्याला पळवू शकते. चिलेत खऱ्या रक्त पिणाऱ्या वटवाघळालाही हेच नाव आहे. गँग्रेल या रानटी, पशूंसारख्या क्लॅनसाठी नीट बनवलाय, चालतो. शिट्टीचा नियम मस्त आहे, बाकी नेहमीचंच.

आसेमाने मात्र डोकं खाल्लं. सुरीनामची गोष्ट अशी: दिवसा साधी म्हातारी, रात्री अंगावरची कातडी उतरवून ठेवते आणि निळसर उजेडाचा गोळा होऊन उडते. लोक लसूण आणि कडू पाला खातात, म्हणजे रक्त कडवट व्हावं. शेजारच्या गयानात अशीच ओल हायग आहे. तिच्या वाटेत तांदूळ सांडले की ते मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही, आणि ती मोजत बसली की घरचे तिला नारळाच्या हिरांच्या झाडूने झोडपतात. म्हणजे आपला खराटाच की.

आता पुस्तकातला नियम: धान्य सांडलेलं दिसलं की आसेमाने मोजायलाच हवं, दुसरी कुठलीही कृती नाही. झालं. आमच्या टेबलावरच्या प्रत्येक कॅरेक्टरच्या खिशात तांदूळ यायला लागले. सुटकेस उघडली, तांदूळ. लिफ्टचं दार उघडलं, तांदूळ. जी मुलगी आसेमा खेळत होती ती दुसऱ्या सेशननंतर म्हणाली की मला नवीन कॅरेक्टर दे, नाहीतर मी घरी बसून खरोखरचे तांदूळ निवडते. प्रकाशकाला हेही लिहिलं होतं. सुधारित फाइलमध्ये बदल एवढाच केलाय की मोजायला किती फेऱ्या लागतील यासाठी एक डाइस टाकायचा. त्याने काय होणार, कप्पाळ?

उपाय लोककथेतच आहे आणि लेखकाने तो वाचलेला नसावा. सुरीनाममध्ये नुसतं धान्य टाकत नाहीत, त्यात घुबडाची नखं मिसळतात. आसेमा दाणे वेचते, मध्येच हाताला नख लागतं, दाणे सांडतात, पुन्हा पहिल्यापासून. असं करता करता उजाडतं आणि ऊन तिला मारतं. म्हणजे नुसते तांदूळ हा अडथळा, नखं घातलेले तांदूळ हा सापळा. आम्ही तसा नियम केला: साध्या धान्याला एक फेरी, विलपॉवर (मनोबलाचे गुण) खर्च केली तर तीही नाही. नखांचा सापळा आधी तयार करावा लागतो, आणि घुबडाची नखं काही किराणा दुकानात मिळत नाहीत. त्या एका बदलाने आसेमा पुन्हा खेळण्यासारखी झाली. नखं मिळवण्यावरच एक अख्खं सेशन गेलं.

जे पैसे वसूल झाले ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी रक्त जवळजवळ नाहीच.

पहिलं ठिकाण चिलोए. दक्षिण चिलेतल्या या बेटावर बासिलिस्को म्हणजे कोंबड्याचा तुरा असलेला साप. तो अंड्यातून निघतो, घराच्या जमिनीखाली बीळ करून राहतो आणि रात्री झोपलेल्यांचा श्वास आणि कफ शोषतो. घरातली माणसं कोरड्या खोकल्याने झिजत जातात. उपाय एकच, घर जाळणे. पुस्तकाने त्याची नॉस्फेराटू या भेसूर क्लॅनची ब्लडलाइन केलीय. सोबत आंकुदचा १८८०चा खरा खटला जोडलाय: तिथल्या गुप्त चेटकी मंडळाच्या लोकांवर सरकारने खटला भरला होता. त्या मंडळात राजे वगैरे पदं होती, आणि बेटावरच्या वाड्या-वस्त्यांना लिमा, ब्वेनोस आयरेस, सांतियागो अशी मोठ्या शहरांची नावं दिलेली होती. व्हॅम्पायरांच्या प्रिन्स (शहराचा सत्ताधीश) आणि प्रायमोजन (त्याचे सल्लागार) यांच्या राजकारणाला याहून चांगला नकाशा कोणी कल्पनेने काढू शकणार नाही. एका मासेमारी गावाचा राजा ‘लिमाचा राजा’ म्हणून सगळ्यांवर डोळे वटारतो, यावर आम्ही महिनाभर खेळलो. खटल्यातली माणसं खरी होती, गरीब होती आणि बहुतेक मूळनिवासी होती, याची आठवण पुस्तक एका चौकटीत करून देतं. ती चौकट लहान अक्षरात आहे. करड्या. काळ्यावर.

त्यातच एक सोन्यासारखी गोष्ट अर्ध्या पानात उरकलीय: मिंगा. चिलोएमध्ये लाकडी घर हलवायचं असेल तर गाव जमतं, घराखाली ओंडके सरकवतात, बैल जुंपतात आणि अख्खं घर ओढून नेतात. कधी कधी पाण्यावरूनसुद्धा. मेहनताना म्हणजे शेवटी जेवण. आता जोडा: बासिलिस्को घराखाली राहतो आणि गावाने घर ओढायला घेतलंय. लेखकाने हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी लिहिले आणि जोडले नाहीत! आमच्या टेबलावर ते आपोआप जोडलं गेलं. घर हललं, खाली बीळ दिसलं, आणि गाववाल्यांसमोर जेवणाच्या पंगतीत बसलेल्या व्हॅम्पायरला कळलं की आपलं झोपायचं ठिकाण उघड्यावर आलंय.

दुसरं ठिकाण पिश्ताको. याच्याबद्दल माझं मत पुरतं बदललं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चरबी चोरणारा व्हॅम्पायर? वेन्ट्रू या सत्ता गाजवणाऱ्या क्लॅनमध्ये? पानं उलटून पुढे गेले. मग आमच्यातल्या एकाने, जो सीए आहे, तो घेतला आणि खेळाचा रंग बदलला.

पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातला हा बाहेरून आलेला, बहुधा गोरा माणूस. एकट्यादुकट्याला गाठून चरबी काढतो आणि विकतो. १५७०च्या दशकात कुस्कोचा पाद्री क्रिस्तोबाल दे मोलिना याने लिहून ठेवलंय की स्पॅनिश लोक औषधासाठी आमची चरबी काढतात या भीतीने स्थानिक लोक त्यांच्या घरी जळण द्यायलासुद्धा जात नव्हते. पुढे चरबीचं गिऱ्हाईक बदलत गेलं: चर्चच्या घंटा, मग यंत्रांचं वंगण, मग १९८०च्या दशकात देशाचं परदेशी कर्ज फेडायला चरबी जातेय अशी वदंता. म्हणजे ज्या काळात जो लुटतो, त्या काळात चरबी त्याच्याकडे जाते.

पुस्तकाने यावरून केलेला नियम संपूर्ण पुस्तकातला सर्वोत्तम आहे. पिश्ताकोला चरबीतून व्हिटे, म्हणजे व्हॅम्पायरला चालवणारी रक्तशक्ती, मिळत नाही. थेट प्यायलेलं रक्तही त्याच्या अंगात टिकत नाही. त्याने चरबी कोणाला तरी विकायची आणि बदल्यात रक्त घ्यायचं. कायमचा दलाल. त्याला शिकारीइतकीच गिऱ्हाइकाची काळजी, उधारी, भाव पडण्याची भीती. आमच्या सीएने वहीच घातली. बाकीची कॅरेक्टर्स त्याची देणेकरी झाली आणि आपसातली मारामारी थांबून सगळे हिशोबाने वागायला लागले. एका व्हॅम्पायरने दुसऱ्याला धमकी दिली की पुढच्या महिन्यापासून रोखीने व्यवहार कर. इतका मनापासून हसलेला टेबल मी पाहिला नव्हता.

आयमारा लोकांमधल्या खारिसिरीच्या, म्हणजे पिश्ताकोच्याच भावंडाच्या, गोष्टी रात्रीच्या बसमध्ये घडतात. शेजारचा प्रवासी झोप आणतो, चरबी काढून घेतो, बळीला कळतही नाही आणि काही दिवसांनी तो माणूस खंगून मरतो. आम्ही ओरुरोहून ला पाझला जाणारी बस केली. शेजारच्या सीटवरच्या बाईने झोपायला ठाम नकार दिला आणि पिश्ताको रात्रभर तिला जावयाच्या चौकश्या करत राहिला. फासे जवळजवळ पडलेच नाहीत.

इथे पुस्तकाने एक घोळ घातलाय. नोव्हेंबर २००९मध्ये पेरूच्या पोलिसांनी जाहीर केलं की वानुको भागात माणसं मारून चरबी सौंदर्यप्रसाधनांसाठी विकणारी टोळी पकडली. डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. काही आठवड्यांत दावा कोसळला आणि गुन्हे अन्वेषणाच्या प्रमुखालाच निलंबित केलं. पुस्तकात टोळी खरी, व्हॅम्पायरांची. अरे, खरी घटना याहून कितीतरी चांगली आहे! पोलिसांनी खोटी टोळी उभी केली, तर खऱ्या पिश्ताकोला याहून उत्तम आडोसा कोणता? आम्ही तसंच खेळलो. पुढच्या फाइलमध्ये हे बदललं तर श्रेय नको, पांढरी पानं द्या.

आणि शेवटचं प्रकरण चुपाकाब्रा. प्वेर्तो रिको, १९९५. कॅरिबियन समुद्रातलं बेट, दक्षिण अमेरिका नव्हे, आणि जुनी लोककथाही नव्हे. विक्रीसाठी घातलंय हे उघड आहे. त्या जागेत कोलंबिया-इक्वाडोरच्या किनाऱ्यावरची तुंदा आली असती, जिचा एक पाय म्हणजे चॉकलेट घुसळायची लाकडी रवी असते. ती नाहीच.

घ्यायचं का? पूर्ण किमतीला नको. सवलत लागली की घ्या, आणि चिलोए व पिश्ताको एवढेच भाग छापा. माझ्यासारखी खेळाची २००४ची जुनी आवृत्ती वापरत असाल तर कंडिशन आणि बीट हे नव्या आवृत्तीतले नियम वगळून चालतं. पिश्ताकोची उधारी मात्र कागदावर लिहावी लागते, आम्ही त्यासाठी साधी दुरेघी वही वापरतो.