अस्वलांच्या रानात छातीवरचं पिस्तूल: ग्लॉक २० वापरून झाल्यावर

अलास्कात शिकारीला निघालेल्या माणसाकडे रायफल असतेच, मग वर पिस्तूल कशाला, असं भारतातले मित्र मला नेहमी विचारतात. याचं उत्तर मूस, म्हणजे इथलं सर्वांत मोठं हरीण, पडल्यानंतरच्या चार-सहा तासांत आहे. मोठ्या नर मूसचं नुसतं मांसच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. ते जागेवर सोलायचं, पुढचे-मागचे फरे सुटे करायचे, कापडी पिशव्यांत भरायचे आणि पाठीवर लादून फेऱ्या मारत तळावर आणायचे. इथल्या नियमानुसार मांस आधी बाहेर काढायचं, शिंगं त्यानंतर. एवढा सगळा वेळ तुम्ही गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत चरबीने माखलेले, रायफल कुठल्यातरी झुडपाला टेकवलेली आणि रक्ताचा वास वाऱ्यावर गेलेला. या राज्यात तपकिरी अस्वलं तीस हजारांच्या घरात आहेत आणि सप्टेंबर हा त्यांचा हिवाळ्याआधी पोट भरून घ्यायचा महिना. पिस्तूल लागतं ते या वेळेसाठी, आणि माझं आहे ग्लॉक २०, दहा मिलिमीटर काडतुसाचं.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या टेटन भागात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीवर असलेल्या एका गाईडचा ग्रिझलीच्या, म्हणजे तपकिरी अस्वलाच्या, हल्ल्यात मृत्यू झाला. आदल्या दिवशी बाण लागलेला एल्क तो आणि त्याचा पाहुणा दुसऱ्या दिवशी सोलत होते. त्यांच्याकडे दहा मिलिमीटरचं ग्लॉक होतं, पण ते थोड्या अंतरावर सामानापाशी ठेवलेलं होतं. पाहुण्याने ते उचललं, पण नीट नेम धरता येईना, म्हणून गाईडकडे फेकलं, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. पिस्तूल निवडताना ही घटना माझ्या डोक्यातून कधीच गेली नाही. त्यामुळे ‘सगळ्यात ताकदवान कोणतं’ यापेक्षा ‘सोलताना, ओझं वाहताना, तंबूत झोपताना, शौचाला जाताना मी कोणतं अंगावरून काढणार नाही’ हा प्रश्न मी आधी घेतला.

अलास्कातल्या अँकरेज शहरातल्या जुन्या शिकाऱ्यांचं पहिलं उत्तर आजही ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर हेच असतं. १९५५ पासूनचं हे काडतूस; तीनशे ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) पुढची जड गोळी टाकली तर दहा मिलिमीटर त्याच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि तो फार वजनदार आहे. अस्वल अंगावर आलेलं असताना नळी त्याच्या शरीरात रुतवून चाप ओढायची वेळ आली, तर पिस्तुलाची स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलली जाऊन गोळी सुटेनाशी होऊ शकते. रिव्हॉल्व्हरला हा धोका नाही.

तरी मी ते घेतलं नाही. चार इंची नळीचं स्टीलचं ४४ रिकामंच बाराशे ग्रॅमच्या आसपास. वजन नको म्हणून हलक्या धातूचं, सातशे ग्रॅमच्या आसपासचं ४४ मिळतं. शेजाऱ्यांकडचं असं एक मी जड गोळ्यांनी चालवून पाहिलं. पहिली गोळी नेमावर गेली. दुसऱ्या गोळीआधी नळी पार डोक्यावर गेली होती आणि तळव्याचा अंगठ्याखालचा भाग बधिर झाला होता. तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरपर्यंत पळतं, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. एवढ्या वेळात दुसरी आणि जमली तर तिसरी गोळी मला नेमावर घालता आली पाहिजे. ग्लॉक २० मध्ये पंधरा गोळ्या मॅगझिनमध्ये आणि एक नळीत, सगळं भरून वजन सव्वा किलोच्या आत. पंधराच्या पंधरा वापरता येतील असं कुणीही समजू नये. मला महत्त्व दुसऱ्या गोळीचं आहे, आणि ती यातून लवकर आणि सरळ जाते.

पकड जाड आहे. लहान हाताच्या माणसाने दुकानात हातात धरून, चापापर्यंत बोट नीट पोहोचतंय का ते बघूनच घ्यावं. नेम धरायच्या साईट कारखान्यातून येतात त्या प्लास्टिकच्या असतात. मी स्टीलच्या बसवून घेतल्या आणि पुढची माशी ठळक केशरी रंगाची घेतली. स्प्रूसच्या झाडांच्या दाट सावलीत, पावसात, काळी माशी तपकिरी अस्वलावर दिसणार कशी? वेगळा सेफ्टीचा खटका या पिस्तुलाला नाही, म्हणून चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर याला हवंच.

होल्स्टरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक पिस्तुलावर महिनोन्महिने विचार करतात आणि होल्स्टर शेवटच्या दिवशी घेतात. कमरेला बांधलेलं पिस्तूल इथे कामाचं नाही. मूसच्या फऱ्याचं ओझं पाठीवर आलं की सॅकचा कमरपट्टा नेमका त्याच्यावर बसतो, आणि ओढा ओलांडायला छातीपर्यंतचे रबरी वेडर घातले की कंबर आतच जाते. म्हणून छातीवरचं. माझं घट्ट प्लास्टिकचं आहे, पट्टे सॅकच्या पट्ट्यांखालून जातात, मूठ उजव्या हाताला तिरकी येते. दुर्बिणीचा हार्नेस त्याच्या वर बसवायला मला बराच खटाटोप करावा लागला. शेवटी दुर्बीण एक वीत वर घेतली तेव्हा दोन्ही एकमेकांत अडकायचं थांबलं. खाली वाकून चामडी सोडवताना नळीचं टोक मांडीला टोचतं, त्याची सवय होते. हात चरबीने बुळबुळीत असताना मूठ निसटते का, हे मी मुद्दाम मूस सोलतानाच, पिस्तूल रिकामं करून, काढून पाहिलं. मुठीचा खरखरीतपणा पुरतो, पण ओले लोकरी हातमोजे घालून बोट चापाच्या कडीत अडकतं. आता उजव्या हाताला पातळ रबरी मोजाच.

गोळ्यांचं म्हणाल तर, पसरणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या माणसापासूनच्या संरक्षणासाठी बनवलेल्या असतात. अस्वलाच्या खांद्याचे स्नायू आणि कवटी भेदायला न पसरणारी, चपट्या टोकाची, कडक शिशाची गोळी लागते. मी २२० ग्रेनची वापरतो, म्हणजे सव्वाचौदा ग्रॅम, वेग सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास. ग्लॉकच्या नळीतल्या गोलसर आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळांना) उघडं शिसं चिकटतं आणि कंपनीही अशा गोळ्या वापरू नका म्हणते, म्हणून मी दुसरी नळी घेऊन बसवली आहे. एका छोट्या उत्पादकाच्या गोळ्या स्वस्त पडल्या म्हणून घेतल्या होत्या. रेंजवर त्यांतल्या काही मॅगझिनमधून नळीत चढतानाच अडकल्या. त्या सगळ्या बाजूला काढल्या. जी गोळी रानात नेणार, तीच रेंजवर पेट्या भरून झाडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये, मग गोळीमागे दोन डॉलर का जाईनात.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. ज्ञानगंगेच्या जंगलालगतच्या शेतांत अस्वलाने माणसाला फाडल्याच्या बातम्या ऐकतच मोठा झालो. तिथलं अस्वल जवळ आल्यावर बऱ्याचदा उभं राहून तोंडावर येतं. इथलं तपकिरी अस्वल धावून येताना चारी पायांवर, डोकं खाली घालून येतं. नेम धरायला जागा छोटी आणि सतत वर-खाली हलणारी. रेंजवर स्थिर कागदावर गोळ्या मारून याचा सराव होत नाही. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर खडीची खाण आहे. तिथे जुन्या टायरच्या मध्यभागी पुठ्ठा बसवून तो उतारावरून आमच्या एका बाजूने सोडतात, मागे मातीचा उंच बांध. टायर उसळला की भलेभले चुकतात. रायफलवर वीस वर्षं हात बसलेले शिकारीही.

यापुढचं मात्र पिस्तुलाच्या हौशी लोकांना आवडणार नाही. माझ्या कमरपट्ट्यावर मिरचीच्या फवाऱ्याचा डबाही असतो आणि पहिला हात मी त्यालाच घालेन. अलास्कातल्या घटनांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा चालला. त्याच गटाच्या २०१२ च्या अभ्यासात पिस्तुल-रिव्हॉल्व्हरचं यश ८४ टक्के आलं. दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या प्रकारच्या, त्यामुळे आकडे थेट तोलू नयेत, पण फवाऱ्याला हसण्यासारखं त्यात काहीच नाही. वारा तोंडावर असेल, कडक थंडीत डब्यातला दाब उतरला असेल किंवा अस्वल मांसावरून हटायलाच तयार नसेल, तेव्हा पिस्तूल. विमान कंपन्या फवारा सामानातही नेऊ देत नाहीत. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांचे वैमानिक तो केबिनबाहेर, फ्लोटमध्ये, म्हणजे विमानाखालच्या पोकळ तरंगत्या भागात ठेवतात. पिस्तूल मात्र रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, आधी सांगून चेक-इन करता येतं.

अस्वलावर गोळी झाडायची वेळ माझ्यावर आलेली नाही. ओढ्यापलीकडे एक मादी दोन पिल्लांसह आली होती. आम्ही उभे राहून मोठ्याने बोलत राहिलो, हात मुठीवर, आणि ती वाऱ्यावर नाक उंचावून विलोच्या झुडपांत निघून गेली. जीव वाचवायला अस्वल मारावं लागलंच तर अलास्कात ते तुमचं होत नाही. कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारी खात्याच्या हवाली करायची आणि लेखी अहवाल द्यायचा.

इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सांगून ठेवतो. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला अमेरिकेच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राचंही पिस्तूल छातीवर बांधू नका. कॅनडातल्यांना हा पर्याय जवळजवळ बंदच, ऑक्टोबर २०२२ पासून तिथे पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवलेली आहे. तिथले लोक आखूड नळीची शॉटगन आणि फवारा घेऊन जातात. ज्यांना वर्षातून एकदाच रेंजवर जायला जमतं, त्यांनी पिस्तुलाऐवजी मध्यम ताकदीच्या गोळ्या भरलेलं स्टीलचं ४४ रिव्हॉल्व्हरच घ्यावं. त्यात अडकलेलं काडतूस सोडवायचा सराव लागत नाही, चाप पुन्हा ओढला की पुढची गोळी समोर येते.